कुंडलची पट्टी, पांढरी चार

सांगलीकडे चालले आहे म्हटल्यावर पुण्यात ज्याने त्याने मला हळद, बेदाणे आणि भडंग यांची यादी दिली. मी जाताना काय नेणार आहे, हे मात्र कुणी विचारलं नाही. मी पियानो नेणार होते! चांगला भरभक्कम, लाकडी, अडीच क्विंटल वजनाचा, माझ्या घरातला उभा पियानो. जानेवारीतल्या एका शुक्रवारी पहाटे तो चार गाद्यांत गुंडाळून टेम्पोत चढवला. शेजारच्या आजींनी मला विचारलं, "अगं, घर सोडून चाललीस की काय?"

मी एकतीस वर्षं विद्यापीठात पियानो शिकवते आहे. त्याच्या जोडीला मैफली केल्या, देशात आणि परदेशातही. माझं नाव छापलेल्या पत्रिका आईने एका ट्रंकेत जपून ठेवल्या आहेत, म्हणजे अगदीच काही कमी केल्या नसाव्यात. पण सहा वर्षांपूर्वी मुंबईत एका कार्यक्रमात वाजवता वाजवता मी विसरले. एक संथ, साधीशी रचना होती, एफ मेजरमधली. एफ म्हणजे आपल्या पेटीवाल्यांची पांढरी चार. मध्येच बोटं थांबली आणि पुढचं काही आठवेना. सभागृह गच्च भरलेलं आणि सगळे चिडीचूप. कुणीतरी खोकलं. मी मागून सुरुवात केली आणि पुन्हा त्याच जागी अडले. मग उठले, वाकून नमस्कार केला आणि आत गेले. त्या दिवसापासून स्टेज बंद. "आता शिकवण्यातच खरा आनंद आहे," असं मी सगळ्यांना सांगत राहिले. धादांत खोटं होतं ते.

प्रतीक्षा ही माझी जुनी विद्यार्थिनी, कुंडलची. वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, घरचा ऊस. ती माझ्याकडे चार वर्षं शिकली, पण तिने मला लोकांसमोर वाजवताना कधीच ऐकलं नव्हतं. दिवाळीपासून ती माझ्या मागे लागली होती. "मॅडम, आमच्या गावाला या. पियानो कुणी पाहिलेलाच नाही, तर तुमची चूक काढणार कोण?" एवढ्या लबाड युक्तिवादाला मी बळी पडले.

शिरवळ, सातारा आणि उंब्रजचा दणका

शिरवळला चहाला थांबलो तेव्हा मी प्रतीक्षाला सांगून टाकलं, "हे शेवटचं. तिथेही विसरले तर झाकण लावून टाकणार. कायमचं." तिने माझ्यापुढे गरम वडापाव सरकवला. कार्यक्रमात काय वाजवायचं ते मी मोठ्या हुशारीने ठरवलं होतं. सी शार्प मायनरमधली एक मोठी, वादळी रचना मुख्य, आणि तिच्या आगेमागे दोन-तीन छोट्या. पांढरी चारमधलं ते भूत यादीत नव्हतं.

पण खंबाटकीचा घाट चढला आणि माझी भीती कुठल्या कुठे पळाली! हवेत गारवा, डोंगर पिवळे पडलेले, आणि आमच्या पुढे टेम्पोत पियानो डुलत चाललेला. साताऱ्यात कंदी पेढे घेतले. कुंडलला पोचेपर्यंत बॉक्स उघडायचा नाही असं ठरवलं आणि सातारा संपायच्या आत अर्धा संपवला.

टेम्पोचे चालक बबनराव उंब्रजचे. त्यांचं स्वतःचं गाव आलं म्हणून की काय कोण जाणे, त्यांनी तिथे जरा जोर काढला. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर अचानक थांबला, बबनरावांनी ब्रेक मारला, आणि टेम्पो गतिरोधकावरून असा काही उडाला की मागच्या गाडीत बसलेल्या आम्हालाही आवाज आला. दोनशेच्या वर तारा एकदम कण्हल्या. बबनराव खाली उतरले आणि मागचं फळकूट उघडून उभे राहिले.

"मॅडम, आजपतूर म्हशी न्हेल्या, फ्रीज न्हेलं, एकदा तर वरातीचा घोडा न्हेला. पर ह्यो आतनं वरडतोय कोन?"

कुंडल, शुक्रवार

सुभेदारांच्या बंगल्यासमोर आठ पैलवान उभे होते. कुंडल हे कुस्तीचं गाव. पियानो उतरवायला हमाल कशाला, तालमीतली पोरं आहेत की! सुभेदार फौजी थाटात हुकूम सोडत होते, "धीरे! बायें! अरं गड्या, पाय बघ!" पोर्चमधला ट्रॅक्टर बाहेर थंडीत काढला होता आणि रविवारच्या कार्यक्रमासाठी त्याच्या जागी पियानो जाणार होता. प्रतीक्षाच्या चुलती, हौसाकाकू, आरतीचं ताट घेऊन आल्या. त्यांनी पियानोच्या झाकणाला हळदकुंकू लावलं, हार घातला आणि त्याच्यावर नारळ फोडायला हात उचलला. मी किंचाळलेच, "पाणी आत जाईल!" काकू क्षणभर थबकल्या, मग वळल्या आणि ट्रॅक्टरच्या बंपरवर नारळ फोडला. मान कुणाचा आणि नारळ कुणाच्या दारात!

मी झाकण उघडून दोन-चार स्वर दाबून बघितले. उंब्रजच्या दणक्याने वाद्य पार उतरलं होतं. पुण्यातले आमचे सूर लावणारे गृहस्थ आदल्याच आठवड्यात कंबर धरून अंथरुणाला खिळलेले. त्यांनी नुसती हत्यारांची पिशवी सोबत दिली होती. ती वापरायची कशी, हे मला एकतीस वर्षांत शिकावंसं वाटलं नव्हतं.

सुभेदार म्हणाले, "काय काळजी करू नका. मिरजेला फोन लावतो. सतारीचं कारीगर हायत माझ्या वळखीचं, इलाही मिस्त्री. शेवटी तार ती तारच की."

पियानोच्या तारा वेगळ्या असतात, असं मी सांगायला सुरुवात केली. पण पानात कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी आणि खरडा आला, आणि मी वाद घालायच्या स्थितीत राहिले नाही. आमच्याकडे मिरचीचा ठेचा म्हणजे पानातलं बोट लावण्यापुरतं तोंडीलावणं. इथे खरडा भाकरीवर थापतात! माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी आणखी मागत होते.

संध्याकाळी त्याच पोर्चमध्ये हौसाकाकूंच्या भजनी मंडळाचा सराव झाला. दहा-बारा बायका, एक पेटी, टाळ. एक बाई रंगात येऊन गात होती आणि एका ओळीवर अडखळली. मी जागच्या जागी आक्रसले. त्या शांततेची मला सवय आहे ना! पण शांतता झालीच नाही. काकूंनी ती ओळ अलगद उचलली, मागून तिघींनी साथ दिली आणि ती बाई दोन टाळ्यांनंतर पुन्हा आपल्या जागी येऊन गायला लागली. कुणी कुणाकडे बघितलंसुद्धा नाही. मी प्रतीक्षाला विचारलं, "याला तुमच्यात काय म्हणतात?" ती गोंधळून म्हणाली, "कशाला?"

शनिवार, गुऱ्हाळ आणि मिस्त्री

इलाही मिस्त्री सकाळी आठला मिरजेहून हजर. सत्तरीचे, पांढरी दाढी, खिशात दोन चष्मे. त्यांच्या घरात चार पिढ्या तंतुवाद्यं बनवतात. मी पियानोचं पुढचं फळकूट काढलं तसे ते खालीच बसले. "या अल्ला! ही तर पन्नास सतारींची एक सतार!" पुण्यात नुसतं बघून जेवढं ठाऊक होतं तेवढं मी सांगितलं: तारा पिळायची किल्ली दाखवली, एका स्वराच्या तीन-तीन तारा दाखवल्या, शेजारच्या तारा दाबून धरायची जाड लोकरी नमद्याची पाचर दाखवली. त्यांनी दहा मिनिटांत सगळं हातात घेतलं आणि मला म्हणाले, "आता तुम्ही जावा मॅडम. कुणी उभं राहिलं की माझा कान लाजतोय."

मी जाताना एवढंच म्हटलं, "चाचा, अगदी सुरात लावा हं." हे वाक्य लक्षात ठेवा. सगळा घोळ त्याने झाला.

दिवसभर प्रतीक्षाने मला फिरवलं. शेतातल्या गुऱ्हाळावर कढईत रस उकळत होता. मी तिथे गरम काकवी प्यायले, मग भाकरीला लावून खाल्ली, मग बोटाने खाल्ली. कृष्णेच्या काठावर जाऊन पाण्यात पाय सोडून बसले. साठी ओलांडलेली बाई काकवीने चिकटलेले हात नदीत धूत होती आणि खुशीत शीळ घालत होती, हे माझ्या विद्यार्थ्यांनी पाहिलं असतं तर माझा धाक त्याच दिवशी संपला असता.

संध्याकाळी परतलो. मिस्त्री घाम पुसत उभे. मी बसले आणि सहज पांढरी चारचा साधा स्वरमेळ, तीन स्वर एकदम, वाजवला.

काय सांगू! असा पियानो मी आयुष्यात ऐकला नव्हता. स्वर थरथरत नव्हते, स्थिर उभे होते, देवघरातल्या समईसारखे. अंगावर काटा आला. मी मिस्त्रींचे हात धरले. मग आनंदाच्या भरात सी शार्प मायनरची माझी मोठी रचना सुरू केली आणि दुसऱ्याच ओळीला बाहेरचं कुत्रं रडायला लागलं. खोटं सांगत नाही, खरंच.

झालं काय होतं, ते सांगते. पियानोचे स्वर लावताना प्रत्येक स्वर मुद्दाम केसभर चुकवतात. घरातल्या सगळ्यांना थोडं थोडं नाराज ठेवून संसार चालवणाऱ्या सुनेसारखं ते असतं. त्यामुळे कुठल्याही पट्टीतून वाजवता येतं. मिस्त्रींनी तसं केलं नव्हतं. त्यांनी एकच षड्ज धरला आणि बाकी सगळे स्वर त्याच्याशी शुद्ध मिळवले. म्हणजे पांढरी चार आणि तिच्या जवळच्या दोन-चार पट्ट्या स्वर्गीय, आणि लांबच्या सगळ्या, माझ्या सी शार्प मायनरसकट, भेसूर.

"पण चाचा, पांढरी चारच का?"

"का म्हंजे? कुठला सूर, हे विचारल्याशिवाय आमच्यात तारेला हात लावत नाहीत," मिस्त्री म्हणाले. "तुम्ही नव्हता, म्हणून सुभेदारांना विचारलं."

सुभेदार ताठ उभे राहिले. "मी सांगितलं, पांढरी चार. आमच्या मंडळाची पट्टी तीच हाय. गावात दुसरी चालत न्हाई."

मी मिस्त्रींना विचारून पाहिलं की प्रत्येक स्वर थोडा थोडा चुकवून लावता येईल का. त्यांचा चेहरा बदलला. मी काहीतरी अभद्र बोलल्यासारखं ते माझ्याकडे बघत राहिले. "मॅडम, एवढ्या वयात सूर बिघडवायला कसं शिकू? आणि तारा आज एवढ्या ओढल्यात, उद्या परत हलवल्या तर एक जागेवर राहायची नाही."

मी यादी काढली. मोठी रचना गेली. तिच्यानंतरचीही गेली. दोन छोट्या राहिल्या, दहा मिनिटांच्या. मग मी डोळे मिटून बसले, कारण त्या स्वरांसाठीच जणू लिहिलेली अशी एक रचना मला पाठ होती. सहा वर्षांपूर्वीची. पांढरी चारची.

प्रतीक्षाने विचारलं, "मॅडम, काय झालं?" मी सांगितलं. तिला सगळं ठाऊक होतं, तिचाही चेहरा उतरला. पण खरं सांगू? मला भीती वाटत होती, आणि ती रचना त्या स्वरांत ऐकायची इतकी अनावर ओढ लागली होती की मी जेवण अर्ध्यावर टाकून उठले.

रविवार

एक अडचण होती. या रचनेचा मधला भाग लांबच्या पट्टीत जातो. तिथे कुत्रं पुन्हा रडलं असतं. तेव्हा तो भाग गाळायचा आणि पहिल्या भागाच्या शेवटावरून थेट मूळ सुरावटीवर उडी मारायची, असं ठरलं. सांगायला सोपं आहे. चाळीस वर्षं बोटांना जो रस्ता पाठ, त्यातला एक पूल काढून टाकायचा! सकाळी आठपासून मी तो सांधा वाजवत बसले. पहिल्या भागाचा शेवट, उडी, मूळ सुरावट. पुन्हा. पुन्हा. चाळीसदा तरी वाजवलं असेल. गल्लीतून जाणारे थांबत, ऐकत, पुढे जात. समोरच्या ओट्यावर दोन बायका लसूण सोलत बसल्या होत्या. मागे स्वयंपाकघरात भाकऱ्या थापल्याचा आवाज.

दुपारी हौसाकाकू पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. "आवं मॅडम, सकाळधरनं तेच तेच वाजिवताय. येतंय की चांगलं!"

"येतंय, पण संध्याकाळी विसरायला होईल."

"इसरतंय व्हय? एवढं वाजवून?" त्या हसल्या आणि आत गेल्या.

साडेपाचला कार्यक्रम म्हणजे साडेपाचला. सुभेदारांनी घड्याळ बघून माईक हातात घेतला. अंगण भरलं होतं. पुढे सतरंजीवर बायका, मागे खुर्च्या, भिंतीवर पैलवान. मिस्त्री भाच्याच्या निकाहाला जायचं सोडून पहिल्या रांगेत येऊन बसले होते. "निकाह लावायला काझी हाय," म्हणाले, "इथं माझ्याशिवाय कोण हाय?"

आमच्या मैफलीत रचना पूर्ण होईपर्यंत कुणी शिंकलं तरी लोक वळून बघतात. इथे पहिल्याच रचनेच्या मध्यावर मागून आरोळी आली, "व्वा! लय भारी!" आणि मला हसू फुटलं. दुसरीही झाली. मग ती तिसरी.

पहिला भाग मी वाजवला की तो आपला आपण वाजला, सांगता येणार नाही. मिस्त्रींचे स्वर माझ्या बोटांच्या पुढे चालले होते. मी सुखात होते. आणि सांध्यावर आले, उडीसाठी हात उचलले, आणि पुढे काही नव्हतं. कोरं. तोच काळोख, तीच जागा, सहा वर्षं माझी वाट बघत बसलेली. बोटं हवेत. मी खोकल्याची वाट बघितली.

खोकला आला नाही. डावीकडून, सतरंजीवरून, एक जाडसर, घरगुती आवाज आला. शब्दांशिवाय, नुसत्या आकारात. मूळ सुरावटीचा पहिला स्वर, मग दुसरा, तिसरा, अगदी चोख पांढरी चारमध्ये. हौसाकाकू! त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या, मांडीवर हाताने ठेका धरून गात होत्या. दुसऱ्या ओळीला लसूण सोलणाऱ्या त्या दोघी मिळाल्या. मग आणखी चौघी. दिवसभर ऐकलेलं ना सगळ्यांनी! चाळीस वेळा मी त्यांना शिकवत होते आणि मला पत्ताच नव्हता. मिस्त्रींनी डोळे मिटून मान हलवली. माझा डावा हात आपोआप खाली आला, त्यांच्या गाण्याखाली स्वर धरायला लागला, आणि चौथ्या ओळीला उजवाही आला. मग त्या हळूहळू थांबल्या आणि मला पुढे जाऊ दिलं. मी रडत होते आणि वाजवत होते आणि एकही स्वर चुकत नव्हता. शेवटपर्यंत गेले. सहा वर्षांनी शेवटपर्यंत गेले!

त्यानंतर काय झालं ते नीट आठवत नाही. सुभेदारांनी शाल, श्रीफळ आणि पाच किलो गुळाची ढेप दिली. या वेळचा नारळ मी स्वतः फोडला, ट्रॅक्टरवरच. मी काकूंना गाठलं आणि म्हटलं, "काकू, मी चुकले होते. तुम्ही सावरलंत."

"चुकला कुठं?" काकूंना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "तुमी वाईच दम घेतला, तवर आमी धरलं. येकट्यानं कोन म्हनतंय का सगळं?"

परत आल्यावर आमचे सूर लावणारे कंबरेला पट्टा बांधून आले, एक स्वरमेळ वाजवून बघितला आणि कपाळाला हात लावला. "कुणी हात लावला याला?" मी म्हटलं, "लावणाऱ्याचं नाव आदराने घ्या, आणि आठवडाभर याला शिवू नका." तो आठवडा मी रोज सकाळी पांढरी चारमध्ये काढला. मग मुंबईच्या त्याच जुन्या आयोजकांना फोन करून कळवलं की मार्चमध्ये वाजवेन, तीच रचना, मधल्या भागासकट. पहिल्या रांगेतल्या बारा खुर्च्या मात्र मला राखून हव्यात.

लगेच काकूंना फोन लावला. मंडळाला घेऊन याल का म्हणून विचारलं.

"येतो की," काकू म्हणाल्या. "पर मॅडम, आमास्नी सकाळच्यालाच बोलवा. दिवसभर आयकल्याबिगर सांजच्याला धरायचं कसं?"